एक विमान, एक दिवस: कॅनबेराचं अचूक मॉडेल बनवण्याआधीचा शोध

किट हातात आलं की पहिली इच्छा होते ती खोका फोडून पंख जोडायला घेण्याची. चार आठवडे तो खोका कपाटावरच राहू द्या. बॉम्बर विमानाचं मॉडेल अचूक होतं ते मुख्यतः या आधीच्या आठवड्यांत, डिंक आणि रंगाचं काम नंतरचं. शोध घ्यायचा कसा, हे मी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा या ब्रिटिश जेट बॉम्बरचं उदाहरण घेऊन सांगतो. या विमानाचं मुंबईच्या माणसाशी जवळचं नातं आहे. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी गोव्याच्या दाबोळी धावपट्टीवर ज्या १२ कॅनबेरांनी बॉम्ब टाकले, ती पुण्याहून उडाली होती.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

‘मला कॅनबेरा बनवायचं आहे’ एवढ्यावर शोध सुरूच होत नाही. कॅनबेरा पहिल्यांदा उडालं १३ मे १९४९ रोजी, इंग्लंडमध्ये, आणि भारतीय हवाई दलातून निवृत्त झालं ११ मे २००७ रोजी. मधल्या ५८ वर्षांत त्याची नाकं बदलली, काचा बदलल्या, रंग बदलले, कामं बदलली. तुमच्या टेबलावर येणारं विमान यातल्या एकाच दिवशीचं असू शकतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: कोणता प्रकार, कोणती स्क्वाड्रन (म्हणजे हवाई दलाची तुकडी), कोणता काळ. शक्य असेल तर चौथी, म्हणजे शेपटीजवळ लिहिलेला विमानाचा क्रमांक. भारतीय बॉम्बर कॅनबेरांचे क्रमांक बहुतेक ‘आयएफ’ या अक्षरांनी सुरू होतात.

भारताने १९५७ मध्ये मागणी नोंदवली ती मुख्यतः बी(आय)५८ या बॉम्बर प्रकारासाठी, आणि सोबत टेहळणीची पीआर५७ व प्रशिक्षणाची टी४ घेतली. बॉम्बर ५, १६ आणि ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेले, टेहळणीची विमानं १०६ कडे. हे पाठ असलं की निम्मे फोटो आपोआप बाजूला पडतात.

प्रकार ओळखण्याची खूण सोपी आहे. बी(आय)५८ च्या वैमानिकाची काच फायटरसारखी लांबट असते आणि विमानाच्या मधोमध न बसता डावीकडे सरकलेली असते. नॅव्हिगेटर नाकाच्या आत बसतो. पीआर५७ ची काच गोल बुडबुड्यासारखी आणि मध्यावर असते. जुन्या मजकुरात दोघांनाही सरसकट ‘कॅनबेरा बॉम्बर’ म्हटलेलं असतं, त्यामुळे फोटोखालच्या ओळीवर विसंबू नका, काच बघा.

आणखी एक गफलत किट घेतानाच होते. अमेरिकेत मार्टिन कंपनीने हेच विमान परवान्याने बी-५७ म्हणून बनवलं, आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडे तीच होती. त्यांच्या बी-५७बी मध्ये दोन माणसं एकामागे एक, लांब काचेखाली, मध्यावर बसतात. त्या किटवर आपल्या हवाई दलाची खूण असलेली तिरंगी वर्तुळं चिकटवून भारतीय कॅनबेरा होत नाही. तुम्हाला ब्रिटिश बी(आय)८ चं किट हवं, आपलं बी(आय)५८ हे त्याचंच भारतीय रूप. एअरफिक्स या किट बनवणाऱ्या कंपनीने कॅनबेरा १/७२ आणि १/४८ (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) अशा दोन्ही मापांत काढलेलं आहे. विकत घेण्याआधी खोक्यावरचा प्रकार वाचा आणि घरातली जागाही मोजा: १/७२ मध्ये पंखांचा पसारा २७ सेंटिमीटर, १/४८ मध्ये साडेचाळीसच्या वर.

दुसरी पायरी: त्या दिवशी काय घडलं, ते आधी वाचा

नवखे लोक थेट रंगाकडे धावतात. मी आधी घटना वाचायला सांगतो, कारण घटनेतून विमानाचं रूप ठरतं.

दाबोळीचंच घ्या. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी मिळून ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले, अशी नोंद सापडते. इथे थांबून भागाकार करा. एका विमानामागे सरासरी सव्वापाच हजार पौंड. आता विमानाची क्षमता पाहा. बी(आय) प्रकाराच्या पोटात २० मिलिमीटरच्या चार तोफांचा एक पेटारा बसवता येतो. तो बसवला की बॉम्बच्या कप्प्यात हजार पौंडी तीनच बॉम्ब मावतात, आणि पंखांखाली दोन, म्हणजे पाच. पेटारा काढला तर कप्प्यात सहा आणि पंखांखाली दोन, म्हणजे आठ. सरासरी पाचच्या आसपास येते, म्हणजे काही विमानांना तोफांचा पेटारा लावलेला असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे. हा पुरावा नव्हे. सरासरीवरून एका विशिष्ट विमानाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, आणि पूर्ण भार न घेता जाण्याची दुसरी कारणंही असू शकतात. पण फोटो बघताना काय शोधायचं ते यातून कळतं: पोटाखालचा फुगवटा आणि पंखांखालची बॉम्ब लटकवायची खुंटी. फोटो चाळण्याआधी असे प्रश्न हातात असले की तोच फोटो दुप्पट बोलतो.

घटनेवरून विमानं वगळताही येतात. ऑक्टोबर १९६१ मध्ये ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी काँगोला गेली होती. तिथल्या फोटोत जो क्रमांक दिसेल, ते विमान दोन महिन्यांनी पुण्याहून गोव्यावर गेल्याचा दावा कोणी केला, तर तो दावा आधी तपासायचा. विमान कोणत्या तारखेला कुठे होतं याची एक छोटी जंत्री वहीत करत राहा. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण पुढे वाद मिटतात ते याच पानावर.

तिसरी पायरी: मुंबईत कुठे शोधायचं

दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टमधल्या टाउन हॉलची एशियाटिक सोसायटी, इथून सुरुवात करा. जाताना तारीख नक्की करून जा. ‘१९६१ चे पेपर दाखवा’ म्हणालात तर ग्रंथपालाला काय काढून द्यायचं कळत नाही, ‘१८ ते २५ डिसेंबर १९६१’ म्हणालात तर तो लगेच उठतो. कोणतं वर्तमानपत्र तेव्हा निघत होतं, हेही आधी बघून ठेवा. ‘लोकसत्ता’ १९४८ पासून आहे. ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला जून १९६२ मध्ये, म्हणजे गोवा मुक्तीच्या बातम्यांसाठी त्याचा उपयोग नाही, १९६५ च्या युद्धासाठी मात्र आहे. कागद ठिसूळ असतो, पान उलटताना कोपरा धरू नका. फोटो काढायची परवानगी लेखी विचारा.

वर्तमानपत्रातून तारीख, ठिकाण, माणसं आणि क्रम मिळतो. रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) मिळत नाहीत. छापील फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो आणि बऱ्याचदा त्यावर हाताने रेषा ठळक केलेल्या असतात. त्याच्यावरून पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, कोरायला घेऊ नका.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार मोठं आहे, पण तिथले कागद मुख्यतः शासनाच्या कारभाराचे. विमानाच्या मॉडेलसाठी तिथे दिवस घालवू नका, असं माझं मत आहे.

फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे मात्र वेळ घालवा. ‘विमानाचं पुस्तक आहे का’ असं न विचारता जुनी ब्रिटिश मासिकं, हवाई दलाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिका, संरक्षण विषयाचे अंक असं नेमकं विचारा. कॅनबेराच्या जुन्या कंपनी-जाहिरातीसुद्धा उपयोगी पडतात, कारण त्यात विमान कारखान्यातून निघालं तेव्हाचं दिसतं.

फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट हे मुंबईच्या माणसाने विसरू नये असं साधन आहे. थेटरात सिनेमाआधी दाखवले जाणारे ते काळे-पांढरे माहितीपट. त्यातले बरेच आता ऑनलाइन बघता येतात. फोटोत विमान एका कोनातून दिसतं, चित्रफितीत ते वळतं. चित्र थांबवत थांबवत बघा आणि प्रत्येक उपयोगी क्षणाची मिनिटं-सेकंदं टिपून ठेवा. कॅमेरामनने सराव-उड्डाणाचं जुनं चित्रण बातमीला जोडलेलं असू शकतं, म्हणून चित्रफितीतलं विमान त्याच मोहिमेतलं असं धरून चालू नका.

खरं विमान बघायचं असेल तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात कॅनबेरा आहे. दिल्लीला जाणं जमलं तर उत्तमच. तोवर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जा. तिथे एचएफ-२४ मारुत ठेवलेलं आहे, हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने बनवलेलं फायटर-बॉम्बर. कॅनबेराशी त्याचं काही साम्य नाही, पण एक प्रयोग तिथे करता येतो, तो जरूर करा. १/७२ चं मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून बघतो. त्या मापात हे अंतर होतं जवळजवळ २२ मीटर. मारुतपासून तेवढं दूर उभं राहा आणि काय काय दिसतं ते वहीत लिहा. किती रिव्हेट दिसतात? पत्र्यांचे सांधे कुठे उठून दिसतात आणि कुठे हरवतात? चाकाच्या खाचेत किती अंधार आहे? हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मॉडेलवर खोल, काळ्याकुट्ट रेषा ओढायची इच्छा आपोआप कमी होते.

संग्रहालयातल्या विमानाचा आकार पुरावा म्हणून घ्या, रंग घेऊ नका. उघड्यावर उभी असलेली विमानं वेळोवेळी रंगवली जातात, वर्तुळाची जागा आणि अक्षरांचं वळण तेव्हा बदलू शकतं. आतली यंत्रं काढलेली असतात, भोकं बुजवलेली असतात.

एक सूचना कळकळीने करतो. विमानतळाच्या किंवा हवाई तळाच्या कुंपणाशी जाऊन फोटो काढू नका. तिथे बंदी असते. आणि इतक्या जुन्या विमानासाठी त्याची गरजही नाही.

चौथी पायरी: फोटो वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चांगला फोटो मिळाला की त्याला क्रमांक द्या, मिळाला कुठे ते लिहा, आणि मग भिंग घेऊन पुढच्या गोष्टी तपासा.

आधी फोटो सरळ आहे ना ते पाहा. छापताना निगेटिव्ह उलटी पडते आणि डावं-उजवं बदलतं. बी(आय)५८ मध्ये हे लगेच पकडता येतं: वैमानिकाची काच विमानाच्या उजव्या अंगाला दिसली तर फोटो उलटा आहे. अक्षरं दिसत नसलेल्या फोटोतही ही खूण चालते.

मग रंग. काळ्या-पांढऱ्या फोटोत केशरी आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसू शकतात. आपल्या वर्तुळात केशरी बाहेर आणि हिरवा आत, हे माहीत असल्यामुळे तिथे अडत नाही. शेपटीवरचे उभे पट्टे, नाकावरची स्क्वाड्रनची खूण, इंजिनाच्या तोंडाचा रंग यांबाबत मात्र करड्या छटेवरून निर्णय घेऊ नका. रंगीत फोटोही फसवतात. जुन्या रंगीत प्रिंटमधली निळी छटा आधी उडते आणि सगळं चित्र तांबूस होतं. अशा प्रिंटवरून विमान तपकिरी होतं असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. उपाय असा की त्याच फोटोत माहितीचा रंग शोधा, पांढरा शर्ट किंवा वर्तुळातला पांढरा पट्टा, आणि तो किती बदललाय त्यावरून बाकीच्यांचा अंदाज घ्या.

वर्तुळावरून काळही कळतो. स्वातंत्र्यानंतर १९५० पर्यंत आपल्या विमानांवर अशोकचक्राचं चिन्ह होतं, तिरंगी वर्तुळ त्यानंतरचं. कॅनबेरावर चक्र कधीच येणार नाही. पण उद्या तुम्ही त्याआधीचं लिबरेटर बॉम्बर बनवायला घेतलंत, तर ही गोष्ट कळीची ठरेल. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाची स्क्वाड्रन कानपूरला उभी राहिली ती ब्रिटिशांनी मोडीत टाकलेल्या आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टने पुन्हा उडती केलेल्या लिबरेटरवर.

मापं काढायला मोजपट्टी लागत नाही. शेपटीजवळच्या क्रमांकाची उंची हवी असेल, तर बाजूने काढलेल्या फोटोत त्या जागी विमानाचं अंग किती उंच आहे आणि अक्षर त्याच्या किती पटीत आहे ते बघा. अक्षर अंगाच्या एक पंचमांश असेल, तर किटवर त्याच जागी एक पंचमांश. खऱ्या विमानावरचे इंच माहीत असण्याची गरज नाही. फक्त फोटो तिरका नको. तिरक्या फोटोत जवळचं मोठं दिसतं आणि हिशोब चुकतो.

रेखाचित्रांबद्दल माझं मत कडक आहे. रंगीत पार्श्वचित्र सुंदर असतं म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो, पण चित्रकार बहुधा दुसऱ्या चित्रावरून काढतो. पाच पुस्तकांत एकच चित्र असेल तर ते पाच साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराचं म्हणणं पाच ठिकाणी छापलंय. किटच्या सूचनापत्राचंही तेच. फोटो आणि चित्र भांडले तर फोटोची बाजू घ्या.

पाचवी पायरी: ज्यांनी विमानाला हात लावला त्यांना भेटा

पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत हवाई दलातून निवृत्त झालेली माणसं राहतात. वैमानिकांच्या आठवणी थरारक असतात, पण मॉडेलसाठी मी फिटर, आर्मरर (शस्त्रं बसवणारे), इलेक्ट्रिशियन यांना आधी भेटेन. त्यांनी त्या पत्र्यावरून हात फिरवलेला असतो.

ओळखीच्या माणसाकरवी जा, फोन करून वेळ घ्या, ‘सर’ म्हणा. दोन भेटींनंतर तेच ‘काका म्हण’ असं सांगतात. मोठ्या आकारात छापलेले फोटो न्या, मोबाइलवर दाखवू नका. आणि पहिलाच प्रश्न ‘रंग कोणता होता?’ असा विचारू नका. ‘हिरवा होता ना?’ तर मुळीच नको, कारण समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. कामाबद्दल विचारा. ‘सर, इंजिन सुरू करताना तुम्ही कुठे उभे असायचात?’ ‘कार्ट्रिज उडवल्यावर काजळी कुठे धरायची?’ कॅनबेराचं इंजिन कार्ट्रिजच्या, म्हणजे काडतुसाच्या, स्फोटाने सुरू व्हायचं, काळ्या धुराचा लोट यायचा. ती काजळी पुसणाऱ्या माणसाला तिची जागा बरोबर आठवते. शिडी कुठे लावायची, रात्री कोणतं झाकण लावायचं, पावसाळ्यात काय झाकायचं, अशा प्रश्नांतून मॉडेलला लागणारे तपशील निघतात.

घरचा अल्बम दाखवला तर तिथेच बसून स्कॅन करायची तयारी ठेवा, अल्बम घरी नेण्याचा आग्रह धरू नका. किमान ६०० डीपीआयवर, आणि फोटोची मागची बाजूसुद्धा. तारीख, स्टुडिओचा शिक्का, कोणाचं तरी पेन्सिलीतलं अक्षर मागेच असतं. मुंबईच्या हवेत जुन्या स्लाइडला बुरशी लागते, त्या पुसायला जाऊ नका, आहे तशा स्कॅन करा. कोणता फोटो कोणाला दाखवायचा हे त्या कुटुंबाने ठरवायचं.

सहावी पायरी: रंग ठरवा

१९६५ च्या युद्धापर्यंत आपली कॅनबेरा चंदेरी असायची, नंतर छलावरणाचे रंग आले. १९६१ च्या विमानासाठी चंदेरीच, पण ती उघड्या धातूची चमक नव्हे, चंदेरी रंग लावलेला असायचा. त्यामुळे प्रत्येक पत्रा वेगळ्या छटेत रंगवायची जी पद्धत अमेरिकन विमानांना शोभते, ती इथे चालणार नाही. एकसंध, किंचित मंद चंदेरी हवी. उभ्या शेपटीच्या बांधणीत तर लाकूड आणि प्लायवूड आहे, तिथे रिव्हेटच्या ओळी टोचू नका. १९६५ चं विमान बनवणाऱ्यांनी महिन्यापर्यंत तारीख ठरवल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नये. २१ सप्टेंबरला पाकिस्तानातल्या बदीनच्या रडारवर हल्ला करणारं विमान आणि त्याच वर्षी जानेवारीत तळावर उभं असलेलं विमान यांची रंगसंगती एकच होती असं धरून चालता येत नाही.

सातवी पायरी: वही बंद करा

वहीत शेवटी एक तक्ता करा. विमानाचा एकेक भाग घ्या: नाक, काच, पोट, पंखांखालचा भार, वर्तुळं, क्रमांक, चाकं, काजळी. प्रत्येकासमोर तीनपैकी एक शब्द लिहा: ‘दिसलं’, ‘अंदाज’ किंवा ‘ठाऊक नाही’. ‘दिसलं’ लिहिलं तर फोटोचा क्रमांक लिहायलाच हवा. ‘अंदाज’ लिहिलं तर तो कशावरून, हे एका ओळीत.

‘ठाऊक नाही’ अशा जागा उरणारच. तिथे कमीत कमी सांगणारा पर्याय घ्या. पंखांखाली काय होतं कळलं नाही तर काही लटकवू नका. क्रमांक नक्की झाला नाही तर फोटोत ज्याचा क्रमांक वाचता येतो असं त्याच स्क्वाड्रनचं दुसरं विमान निवडा, मनाने आकडा रचू नका. नाक, काच, वर्तुळं आणि क्रमांक या चारांसमोर ‘दिसलं’ आलं की खोका उघडा, बाकीच्यांसाठी थांबू नका. मॉडेल तयार झाल्यावर हाच तक्ता टाइप करून तळाच्या लाकडी पाटाखाली चिकटवा, फोटोंच्या क्रमांकांसकट, म्हणजे पुढे कोणाला नवा फोटो सापडला तर नेमकं काय खरवडून बदलायचं ते त्याला कळेल.